काकांचं सामान, चाचणीपुरतं

मंगळवार, दुपार
(ऑफिसातून. मालक जेवायला गेलेत तेवढ्यात.)

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (एरवी मी तुला नुसता नमस्कार लिहितो, हे माझ्या लक्षात आहे. पण हे पत्र वाचून झाल्यावर तू मला आडवा करणारच आहेस, तर मी आपणहून आधीच जमिनीवर पडलेला बरा.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचं ब्लडप्रेशर उतरलं का? उतरलं नसेल तर त्यांना हे पत्र वाचायला देऊ नकोस. भाचीबाईंची परीक्षा कशी गेली? तुझ्या स्वयंपाकघरातला तो ठिबकणारा नळ अजून ठिबकतोच आहे का? मी इथे खुशाल आहे. म्हणजे झोप लागत नाही, घास घशाखाली उतरत नाही, खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही, बाकी खुशाल. लहानपणी तुम्ही सगळ्यांनी मला भिंगरी म्हणायला सुरुवात केलीत, ते नाव आता आमच्या हमालांपर्यंत पोचलं आहे. सकाळपासून मी किती येरझाऱ्या घातल्या यावर त्यांच्यात पैज लागली आहे.

तू म्हणशील, या जमान्यात हा कागदावर काय लिहीत बसलाय, फोन मोडला का याचा? फोन धडधाकट आहे, तेच तर दुःख आहे. एक तर मालक माझ्या समोरच बसतात आणि त्यांचे कान तीक्ष्ण. दुसरं म्हणजे फोनवर तू पहिल्याच वाक्याला ओरडशील आणि मला दुसरं वाक्य बोलताच येणार नाही. आणि तिसरं, खरं कारण, आपोआप जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवरचा माझा विश्वास उडालाय. हे पत्र मी स्वतः पाकिटात घालून कोणाच्या तरी हातात दिल्याशिवाय इथून हलणार नाही, याचं मला इतकं बरं वाटतंय की काय सांगू. आमचा एक ड्रायव्हर आज तुमच्या गावी एका शिक्षिकाबाईंचं सामान घेऊन निघालाय. तो संध्याकाळी तुझ्या दारात देईल. सध्या तो खाली ट्रकला टेकून उभा आहे आणि मधूनमधून हॉर्न वाजवतोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तर मुद्दा असा, की आमचा फळा बंद झाला. (हा मुद्दा नाही. मुद्दा पुढे येईल. पण फळ्याशिवाय तो तुला कळायचा नाही.) या घरसामान हलवण्याच्या कंपनीत मी नोंदी घ्यायला बसतो. कोणाचं सामान, कुठून कुठे, कोणता ट्रक, हमाल किती, सगळं आजवर एका भल्यामोठ्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. मालकांच्या वडिलांनी तो एका बंद पडलेल्या शाळेतून आणला होता. वरच्या कोपऱ्यात अजून 'शांतता राखा' असं रंगवलेलं आहे, जी आमच्याकडे कोणी कधी राखलेली नाही. मागच्या महिन्यात मालक फोनवर तावातावाने बोलता बोलता फळ्याला टेकले. माणूस अंगाने भरलेला. पाठ सरकली तशी एक अख्खी सकाळ पुसली गेली. त्या सकाळी एक निवृत्त बँक मॅनेजर रस्त्याच्या कडेला आपल्याच सोफ्यावर बसून आमच्या ट्रकची वाट बघत होते, आणि त्यांची नोंद मालकांच्या शर्टाच्या पाठीवर होती. संध्याकाळी ते ऑफिसात आले आणि त्यांनी जे काही सुनावलं, ते ऐकून आमचा मुकादमसुद्धा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मालकांनी जाहीर केलं, की यापुढे एकही गिऱ्हाईक रस्त्यावर बसता कामा नये. फळा बास. ते इंटरनेटवरचं क्लाउड का काय असतं, ते घ्या.

पण घ्या म्हणजे लगेच घ्या असं नाही. आमच्याकडे नवा दोर आला, नवी ट्रॉली आली, अगदी नवा हमाल आला तरी एक रिवाज आहे. मागच्या खोलीत मालकांच्या वडिलांची पोलादी तिजोरी आहे. (किल्ली हरवल्यापासून तिच्यात काय आहे ते देवालाच ठाऊक.) ती गच्चीपर्यंत चढवायची आणि पुन्हा खाली आणायची. दोर टिकला तर घ्यायचा, नाही तर परत. रिकाम्या खोक्यावर तपासलेला दोर आमचे मालक हातात धरत नाहीत. त्यांनी मला बजावून सांगितलं, भिंगरी, या क्लाउडलापण तिजोरी चढवायची. चाचणीसाठी फुकट देतात ना, मग घे आणि घाम काढ त्याचा.

मी तीन सेवा निवडल्या. पहिली दिसायला इतकी देखणी, की मुकादम येता-जाता तिच्याकडे बघून केस सारखे करायचा. पण आमच्या ऑफिसात धड चालणारा प्लग एकच. त्यात चहाची किटली लावली, की इंटरनेटचा डबा बंद. आणि किटली तर तासातासाला लागते. प्रत्येक किटलीला ही देखणी बाई माझी लिहिलेली सगळी नोंद विसरायची आणि वर 'अरेरे, काहीतरी बिघडलं!' असं म्हणायची. काय बिघडलं, कोणाचं बिघडलं, पुढे काय करायचं, काही नाही. आता किटली बंद करावी की सेवा, असा प्रश्न मी मालकांपुढे ठेवला, तर मुकादम दारातूनच म्हणाला, की चहा बंद झाला तर ट्रकपण बंद. पहिली सेवा तिथेच गारद झाली.

दुसरीत नोंदी भराभर आत जायच्या. माझं मन हरखलं. मग सहज म्हणून बघितलं, की उद्या ही सेवा सोडायची ठरवली तर आपल्या नोंदी बाहेर कशा काढायच्या. ताई, अख्खी दुपार शोधलं, बाहेरचं दारच नाही! मालकांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. गोदामात माल ठेवण्याआधी मागचं दार बघायचं असतं हे यांना कोणी शिकवलंच नाही का, म्हणाले. नंतर त्या सेवेचा विक्रीवाला स्क्रीनवर बोलायला आला. मालकांनी त्याला विचारलं, की आमच्या नोंदी तुम्ही ठेवता कुठे ते दाखवा. त्याने एका बिनखिडक्यांच्या इमारतीचं चित्र दाखवलं. मालकांनी विचारलं, रात्री गेटवर कोण असतं? तो म्हणाला, बहुस्तरीय सुरक्षा. मालक म्हणाले, ते झालं हो, पण बसतं कोण? त्या गृहस्थाला बसणाऱ्याचं नाव काही सांगता येईना. मालकांनी हात जोडले आणि स्वतःच स्क्रीन बंद केला. (चुकीचं बटण दाबून सगळा कॉम्प्युटरच बंद केला, पण भावना पोचल्या.)

राहिली तिसरी. तिला किटलीने काही होत नव्हतं. इंटरनेट परत आलं की जिथे थांबली होती तिथून मुकाट्याने पुढे चालू. नोंदी बाहेर काढायला दारही होतं. चूक केली तर ओरडत नव्हती. आता हिला तिजोरी चढवायची वेळ आली होती, आणि इथेच, ताई, माझी बुद्धी गहाण पडली. चाचणीसाठी खोटी नोंद करायची होती. पण मनाने रचलेल्या कपाटाला वजन नसतं गं. 'अमुक यांचे एक कपाट, तळमजला ते तळमजला' असं लिहिलं तर ते कोणतीही सेवा हसत हसत उचलेल. मला हवं होतं जगातलं सगळ्यात अवघड घर, जिथून सामान काढताना दोर, हमाल, ट्रक आणि सॉफ्टवेअर सगळ्यांच्या नाकी नऊ येतील. आणि डोळे मिटले तर मला एकच घर दिसलं. तुझ्या वडिलांचं, म्हणजे आपल्या काकांचं.

तुला तुझं माहेर मी सांगायला नको, पण त्या सेवेला सगळं सांगावं लागलं. चौथा मजला. लिफ्ट नाही. जिना असा, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला परत जावं लागतं. काकूचं आरशाचं दुहेरी कपाट, जे बहुधा आधी ठेवून मग त्याच्याभोवती घर बांधलं असावं. काकांची पुस्तकं. पुस्तकांखालची पुस्तकं. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून जन्म काढलेल्या माणसाने घरी आणून ठेवलेले, कोणी टाकू म्हटलं की भांडायला उठणारे जुन्या मुद्रितांचे गठ्ठे. हे झालं निघण्याचं घर. आता पोचण्याचं घर तितकंच अवघड हवं, म्हणून मी आत्याचा पत्ता टाकला. फाटक चिंचोळं, अंगणातला कुत्रा चाकांचा वैरी, आणि घराची मालकीण आत्या. बरं, फोन नंबर मनचे टाकून बघितले तर ती सेवा एकही घेईना, प्रत्येकाला 'अवैध' म्हणायची. म्हणून खरेच टाकले. वर मोठ्या अक्षरात 'चाचणी खाते' असं लिहिलेलं होतं ना! मला वाटलं, चाचणी म्हणजे घरातल्या घरात. आतलं काही बाहेर जात नसणार.

आता तू म्हणशील, मूर्खा, तेवढी दोनच घरं मिळाली तुला? काका आणि आत्या, जे सख्खे बहीण-भाऊ असून काकू गेल्यापासून एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत? खरं सांगतो, त्या वेळी मी फक्त जिना आणि फाटक बघत होतो. त्यांचं भांडण मी विसरीन कसा? काकू गेल्यावर आत्याने काकांना चार पानांचं पत्र लिहिलं होतं, रडत रडत, आणि काकांनी ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. मी अजूनही म्हणतो, की त्यात दुष्टपणा नव्हता. माणूस दुःखाने सुन्न बसलेला, समोर कागद आला, आणि हात आपोआप लाल पेनाकडे गेला. आत्याला ते पटत नाही. (चौथ्या पानाखाली त्यांनी 'पुन्हा तपासावे' असंही लिहिलं होतं. ते मात्र मलाही पटत नाही.)

पुढचं ऐक. थांब, खाली हॉर्न वाजतोय. ओरडून सांगितलं त्याला, की शिक्षिकाबाईंच्या गादीवर जरा पड. तर, नोंद टाकली, तारीख दिली येत्या गुरुवारची, आणि बघत बसलो. थोड्या वेळाने नोंदीपुढचा ठिपका हिरवा झाला: समोरच्या पत्त्याने सामान स्वीकारायला होकार दिला. मी चाट पडलो. मला वाटलं, ही सेवा एवढी हुशार, की चाचणीत गिऱ्हाइकाचं कामसुद्धा स्वतःच करते! मग गिऱ्हाइकाचा निरोप आला: आरशाच्या कपाटाची दारं काढून आणा, मागे माझं कपाट आणताना भिंत खरवडली होती. मी मालकांना हाका मारून बोलावलं. पुढे पाठोपाठ निरोप यायला लागले: हमालांनी पाय धुऊन आत यावं. कुत्र्याला हात लावू नये. पुस्तकांना वाळवी असेल तर ती तिकडेच ठेवून यावी. मालक खुर्ची ओढून बसले, मुकादम आला, हमाल आले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्या सेवेचं कौतुक केलं. मालक म्हणाले, वा, अगदी खऱ्या गिऱ्हाइकासारखं भांडतंय! मी म्हटलं, अहो, हुबेहूब माझी आत्या! ताई, मी हे हसत हसत म्हणालो. हुबेहूब माझी आत्या.

रविवारी काकांकडे सहज डोकावलो. दार उघडंच, आणि आत बघतो तर भिंती दिसत होत्या! त्या घराला भिंती आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुस्तकं सुतळीने बांधून दाराशी रचलेली, मुद्रितांचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन टाकलेले (हो, दिले! मी दोनदा विचारलं), आणि काका स्टुलावर बसून कपाटाच्या दारांचे स्क्रू काढत होते. त्यांनी मला फोन दाखवला. आमच्या कंपनीच्या नावाने त्या सेवेने त्यांना संदेश पाठवला होता: 'आपलं सामान गुरुवारी सकाळी नव्या पत्त्यावर हलवण्यात येईल. तिथे आपली वाट पाहिली जात आहे.' शेवटी फुलाचं चित्र. त्याच्याही खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, की ही नोंद चाचणी खात्यातून पाठवली आहे. ते 'वाट पाहिली जात आहे' मी लिहिलेलं नाही गं, ते आपोआप येतं, सगळ्यांना येतं, सोफा गोदामात पाठवणाऱ्यालासुद्धा येतं! पण काका म्हणाले, शेवटी तिनंच बोलावलं म्हणायचं. आणि पुन्हा स्क्रू काढायला लागले. मी खाली पडलेले स्क्रू गोळा करून त्यांच्या हातात दिले.

तुला आठवतंय, गेल्या वर्षी ते जिन्यात घसरले आणि पोस्टमन येईपर्यंत तिथेच पायरीवर बसून होते? तू रडून रडून सांगितलंस की माझ्याकडे चला. मी सांगितलं माझ्याकडे चला. त्यांचं एकच: तुमच्याकडे टीव्ही फार मोठ्याने लागतो. आणि खरोखर बोलावतंय कोण मला? गुडघा धरून जिना उतरणारा हा हट्टी म्हातारा, हा एका फुकटच्या चाचणीतल्या वाक्यावर घर सोडायला निघालाय!

म्हटलं, आधी आत्याला सांगावं. तिकडे गेलो तर आत्या डोक्याला फडकं बांधून मागच्या खोलीला रंग देत होती. भाड्याने देईन म्हणून वर्षानुवर्षं जी खोली तिने कोणाला दिली नाही, ती. कुत्र्याचं घर फाटकापासून हलवलेलं. फाटकाचा एक खांब चक्क पाडलेला, कपाट आत यावं म्हणून. मी म्हटलं, आत्या, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, मी काही त्याला बोलावलं नव्हतं हं, सांगून ठेवते, त्यानंच विचारलं म्हणून मी हो म्हटलं. आणि नुसता उभा काय राहिलास, तो कोपरा घे. माझ्या हातात ब्रश दिला. ताई, मी कोपरा रंगवून आलो. सांगायला गेलो होतो आणि दोन हात देऊन आलो.

आता माझी खरी कोंडी ऐक. चाचणीची मुदत उद्या, बुधवारी संध्याकाळी संपते. मालक म्हणतात, सेवा चांगली आहे, पण गेटवर कोण बसतं ते अजून कळलेलं नाही, पुढच्या महिन्यात बघू. आणि सेवा घेतली नाही तर चाचणीतल्या सगळ्या नोंदी पुसल्या जाणार. मी त्यांच्या मदतकक्षाला लिहून विचारलं, की नोंद गुपचूप पुसता येते का. उत्तर आलं: 'आपली अडचण आम्ही समजू शकतो. नोंद रद्द झाल्यास दोन्ही पत्त्यांना आपोआप कळवलं जातं. हे आमच्या ग्राहकांचं आवडतं वैशिष्ट्य आहे.' आवडतं! म्हणजे उद्या संध्याकाळी काका रिकाम्या घरात गठ्ठ्यावर बसलेले असतील, आत्या ओल्या रंगाच्या वासात, आणि दोघांच्या हातातला फोन एकदमच सांगेल, की आपली नोंद रद्द झाली आहे, क्षमस्व. त्याला वाटेल तिनं नको म्हटलं. तिला वाटेल त्यानं कच खाल्ली. मग लाल शाईचं पत्र परवडलं म्हणायची पाळी येईल. आणि मी खरं सांगावं, तर कोणी कोणाला बोलावलंच नव्हतं हे दोघांना कळेल. त्यानंतर ती दोघं एकमेकांच्या घराकडे ढुंकूनही बघणार नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला काही सुचत नाही गं. त्या हिरव्या ठिपक्याकडे बघतो आणि उठतो, उठतो आणि पुन्हा बघतो.

असो. तू मुळीच काळजी करू नकोस, मी सगळं निभावून नेईन. इकडच्या वतीने भावजींना नमस्कार, भाचीबाईंना गोड पापा. नळाला तात्पुरती चिंधी बांध.

तुझा,
भिंगरी

ता. क. मी काहीही निभावून नेऊ शकत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खरी विनंती अशी: उद्या सकाळी मालकांना फोन कर. सांग, की चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांची मी मुलगी, आमचं गुरुवारचं सामान हलवायचं नक्की आहे ना? बास. खरं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर मालक नोंद पुसू देणार नाहीत. बँक मॅनेजरचा सोफा अजून त्यांच्या स्वप्नात येतो. झक मारत सेवा घेतील. ट्रकच्या भाड्याचं मी बघतो. आणि तुझ्या बाबांनी विचारलं तर तुला यातलं काही माहीत नाही. तू रडायचं नाहीस, हसायचंही नाहीस. जमेल ना?

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. ड्रायव्हर आता हॉर्नवर हात ठेवूनच बसलाय. वरची विनंती रद्द समज, मालकांना फोन करू नकोस. काका स्वतःच आले होते. चार मजले उतरून, बस पकडून, गुडघ्याला पट्टा बांधून. दारातच थांबले, आणि तिथूनच, बिनचष्म्याने, मालकांच्या डोक्यामागच्या भिंतीवर टांगलेल्या नियमांच्या पाटीकडे बघून म्हणाले, की शेवटच्या ओळीत 'जबाबदार' नंतर 'नाही' राहिलंय, त्यामुळे तुमची कंपनी प्रत्येक फुटक्या काचेला जबाबदार ठरते. मालकांनी उठून पाटीला नाक लावलं तेव्हा त्यांना ते दिसलं. इतकी वर्षं ती तिथे आहे! मग काका खुर्चीत टेकले आणि म्हणाले, गुरुवारची माझी नोंद पक्की करून टाका, पुसली-बिसली जायला नको. मालकांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथे मला सांगितलं, घे ती सेवा, गेटवर कोणी का बसेना. मी बटण दाबलं.

मालक पाटी उतरवायला आत गेले, तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. फोन काढला. आधी दुसरा संदेश दाखवला, समोरच्या पत्त्याने होकार दिल्याचा. म्हणाले, यात एकही दुरुस्ती नाही. तुझ्या आत्याचा होकार आहे, बरोबर आहे. मग बोटाने तो पहिला संदेश वर सरकवला, आणि फुलाखालची ती ओळ आली. काकांनी त्या ओळीखालून बोट नेलं, मुद्रित वाचताना नेतात तसं. मग फोन बंद करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे रे. मला काही ते दिसत नाही. आणि तूही वाचून दाखवू नकोस."